जाहिरातीविना नेमलेला आयुक्त

मानवी हक्क आयुक्ताची खुर्ची भरायची असेल तर आधी जाहिरात द्या, अर्ज मागवा, चार जाणत्या माणसांकडून मुलाखती घ्या आणि मग नाव जाहीर करा. माझी मागणी एवढीच आहे. ती का करतो आहे हे कळावं म्हणून आज ऑस्ट्रेलियातल्या टिम विल्सन यांची हकिगत सांगतो.

१७ डिसेंबर २०१३. टोनी अ‍ॅबट यांचं सरकार येऊन तीन महिने झाले होते. अ‍ॅटर्नी जनरल जॉर्ज ब्रँडिस यांनी जाहीर केलं की नवे मानवी हक्क आयुक्त टिम विल्सन असतील. मुदत पाच वर्षं, पगार वर्षाला तीन लाख डॉलरहून जास्त. या जागेची जाहिरात निघालेली नव्हती. अर्ज मागवले नव्हते. मंत्र्यांना एक माणूस हवा होता, तो त्यांनी उचलला आणि बसवला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘फ्रीडम कमिशनर’ असं बिरुदही देऊन टाकलं, कारण आयोग भेदभावाच्या तक्रारींतच अडकला आहे, स्वातंत्र्याची बाजू कुणीतरी लावून धरायला हवी, असं ब्रँडिस यांचं म्हणणं होतं.

विल्सन तेव्हा ३३ वर्षांचे होते. मेलबर्नचे. टीव्हीवरच्या चर्चांमध्ये नेहमी दिसणारे, हजरजबाबी, समोरच्याला वाक्य पुरं करू न देणाऱ्यांच्या जमान्यातही मुद्दा नेमका मांडणारे. आधीची सात वर्षं ते ‘इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स’ या संस्थेत होते. धोरणांवर लिहिणं आणि बोलणं हे त्यांचं काम. हवामान बदल, मुक्त व्यापार, पेटंट आणि ट्रेडमार्क हे त्यांचे विषय. ही संस्था १९४३ सालची. बाजार मोकळा असावा, सरकार लहान असावं, माणसाच्या बोलण्यावर आणि मालमत्तेवर सरकारने हात टाकू नये, ही तिची भूमिका. याच संस्थेने मानवी हक्क आयोग बंद करून टाका, अशी मागणी केली होती.

विरोधकांनी यावरूनच रान उठवलं. जो आयोग मोडायला निघालेल्यांच्यातला आहे, त्यालाच आयोगात कसं घेता? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. संस्थेवर टीका करणारा माणूस संस्थेत गेला तर तिथल्या हवेत थोडी हालचाल होते, आणि हक्क आयोगांना त्याची गरज असते. सगळे आयुक्त एकाच विचाराचे असतील तर तो आयोग तक्रार करायला येणाऱ्या अर्ध्या लोकांचं ऐकून घेणार नाही. उजव्या विचाराचा, खासगी मालमत्तेवर श्रद्धा असलेला, सरकारवर अविश्वास असलेला माणूस मानवी हक्क आयुक्त व्हायला माझी काडीची हरकत नाही. हरकत आहे ती आत जायच्या वाटेबद्दल. ती वाट कशी तयार झाली ते पाहा.

४ एप्रिल २०१३. म्हणजे नेमणुकीच्या आठ महिने आधी. मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियामध्ये या संस्थेच्या सत्तराव्या वर्षाचं मोठं जेवण होतं. रुपर्ट मरडॉक आलेले. खाणसम्राज्ञी जीना राइनहार्ट आलेल्या. सूत्रसंचालन स्तंभलेखक अँड्र्यू बोल्ट यांच्याकडे. आणि व्यासपीठावर टोनी अ‍ॅबट, तेव्हाचे विरोधी पक्षनेते आणि जवळपास निश्चित झालेले पुढचे पंतप्रधान. अ‍ॅबट यांनी संस्थेच्या मागण्यांच्या यादीतल्या अनेक गोष्टी भाषणात कबूल केल्या. कार्बन कर रद्द. हवामान बदल खातं बंद. आणि वंश-रंगावरून अपमान करणाऱ्या, दुखावणाऱ्या बोलण्याला मनाई करणारं वंशभेदविरोधी कायद्यातलं कलम १८ सी, निदान आहे त्या रूपात, रद्द.

बोल्ट यांना याच कलमाखाली न्यायालयाने दोषी धरलं होतं. २००९ मध्ये त्यांनी ‘हेरल्ड सन’मध्ये लेख लिहिले होते. गोऱ्या कातडीच्या काही लोकांनी फायद्यासाठी स्वतःला मूलनिवासी म्हणवून घेतलं आहे, असा त्या लेखांचा रोख होता. त्यात ज्यांची नावं आली त्यांच्यापैकी नऊ जण न्यायालयात गेले. २०११ मध्ये न्या. मॉर्डेकाय ब्रॉमबर्ग यांनी निकाल दिला. लेखांत तथ्यांच्या चुका आहेत, मजकूर सद्हेतूने लिहिलेला नाही, त्यामुळे १८ डी या कलमातली सवलत मिळणार नाही. बोल्ट यांना तुरुंग नाही झाला, दंडही नाही. वर्तमानपत्राला निकालाबद्दलची सूचना छापावी लागली. एवढंच.

या एवढ्याशा सूचनेवरून पुढची सहा वर्षं ऑस्ट्रेलियाचं राजकारण तापलं. त्या जेवणात ज्यांनी आश्वासन घेतलं, त्यांच्याच संस्थेचा धोरणप्रमुख आठ महिन्यांनी मानवी हक्क आयुक्त झाला. त्याच्यावर सोपवलेलं पहिलं मोठं काम होतं ते हेच आश्वासन पुरं करायला मदत करण्याचं. विल्सन यांनी नेमणूक स्वीकारताना लिबरल पक्षाचं सदस्यत्व सोडलं. ते योग्यच केलं. पण सदस्यत्व सोडल्याने देणं फिटत नाही.

मुलाखत झाली असती तर? मी त्या मंडळावर असतो तर काय विचारलं असतं, याचा मी बराच विचार केला.

पहिला प्रश्न तंबाखूचा. ऑस्ट्रेलियाने सिगारेटच्या पाकिटांवरून रंग, चिन्हं, आकर्षक अक्षरं सगळं काढून टाकायचा कायदा केला. जगात असं करणारा हा पहिला देश. १ डिसेंबर २०१२ पासून दुकानात सगळी पाकिटं एकाच मळकट रंगाची. विल्सन या कायद्याच्या विरोधात आघाडीवर होते. त्यांचा युक्तिवाद असा, की ट्रेडमार्क ही मालमत्ता आहे, सरकार ती हिसकावून घेत आहे, आणि त्यामुळे करदात्याला वर्षाला तीन अब्ज डॉलरपर्यंत भरपाई भरावी लागेल. ऑगस्ट २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, सहा विरुद्ध एक अशा बहुमताने कंपन्यांचा दावा फेटाळला. सरकारने मालमत्ता संपादन केलेलीच नाही, असं न्यायालय म्हणालं. भरपाईचा एक डॉलरही द्यावा लागला नाही. धोरणावर भाष्य करणाऱ्याचा अंदाज चुकला तर त्याला फाशी द्यायची नसते. पण हक्कांच्या खुर्चीवर बसायला निघालेल्या माणसाला एवढं तरी विचारायला हवं, की सिगारेट कंपनीचा बोधचिन्हावरचा हक्क आणि पोराबाळांचा आरोग्याचा हक्क समोरासमोर आले तर तुम्ही कुणाच्या बाजूने उभे राहता, आणि का?

दुसरा प्रश्न पैशाचा. ती संस्था आपल्या देणगीदारांची यादी जाहीर करत नाही. विल्सन तिथून गेल्यानंतर, २०१८ मध्ये, एका न्यायालयीन प्रकरणाच्या कागदपत्रांतून उघड झालं की जीना राइनहार्ट यांच्या कंपनीने २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत संस्थेला मिळून ४५ लाख डॉलर दिले होते. पैसा देणारा मत विकत घेतोच, असं मी म्हणत नाही. विल्सन यांची मतं विकाऊ नाहीत, ती त्यांच्या मनापासूनची आहेत, हे त्यांचं काम पाहिलेल्या कुणालाही कळेल. पण सार्वजनिक पदावर येताना मागच्या सात वर्षांचा पगार कुणाच्या पैशातून आला, हे लोकांना कळायला हवं. न्यायाधीशाला हितसंबंध सांगावे लागतात. हक्क आयुक्ताला का नकोत?

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ऑक्टोबर २०११ मध्ये मेलबर्नच्या सिटी स्क्वेअरमध्ये ‘ऑक्युपाय’वाले तंबू ठोकून बसले होते. बँकांची मनमानी, श्रीमंत-गरिबांतली दरी, अशा त्यांच्या तक्रारी. विल्सन यांनी ट्विटरवर लिहिलं, की या लोकांना बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणजे आपलं ऐकलं जाण्याचा हक्क वाटतो. आणि पुढे पाण्याच्या तोफा सोडा, असंही लिहिलं. त्यांची नेमणूक झाल्यावर हे जुनं ट्वीट पुन्हा सगळीकडे फिरलं. ज्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आयुक्त म्हणून आणलं, त्याने शांतपणे बसलेल्या निदर्शकांवर पाण्याचे फवारे मारायला सांगितलं होतं. आपल्याला पटणाऱ्या माणसाच्या हक्कासाठी कुणीही भांडतं. हक्क आयुक्ताची परीक्षा न पटणाऱ्या माणसापाशी होते. ही परीक्षा मुलाखतीत व्हायला हवी होती. त्यांनी तिथे समाधानकारक उत्तर दिलं असतं, तर कदाचित मीही त्यांच्या बाजूने मत दिलं असतं.

पण मुलाखत झालीच नाही, आणि प्रश्न वर्तमानपत्रांतून विचारले गेले. तिथे उत्तर देणारा आधीच खुर्चीत बसलेला असतो.

२४ मार्च २०१४ रोजी सिनेटमध्ये नोव्हा पेरिस यांनी ब्रँडिस यांना १८ सीबद्दल विचारलं. पेरिस म्हणजे १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये हॉकीचं सुवर्णपदक मिळवलेल्या खेळाडू आणि संघीय संसदेत पोचलेल्या पहिल्या मूलनिवासी स्त्री. ब्रँडिस यांनी त्यांना सांगितलं, की लोकांना द्वेष्टं असण्याचाही हक्क असतो. कायद्याच्या चौकटीत बघितलं तर वाक्य चूक नाही. मनातल्या द्वेषाला जगातला कुठलाही कायदा शिक्षा देत नाही. पण ते वाक्य कोण कुणाला सांगत होतं, ते बघा. देशाचा सर्वोच्च कायदा अधिकारी एका मूलनिवासी स्त्रीला सांगत होता, आणि सांगत होता ते तिला मिळालेलं संरक्षण काढून घेताना.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा मसुदा आला. अपमान करणं, दुखावणं, मानहानी करणं हे शब्द काढायचे, त्याऐवजी बदनामीची व्याख्या वेगळी करायची आणि सार्वजनिक चर्चेत बोललेल्या जवळजवळ कशालाही सवलत द्यायची. हजारो सूचना-हरकती आल्या. मूलनिवासी, ज्यू, अरब, चिनी संघटना एकत्र उभ्या राहिल्या. एरवी ज्यांचं आपापसात जमत नाही, त्यांनी एका निवेदनावर सह्या केल्या. त्यांना ठाऊक होतं, की ट्राममध्ये आपल्या आईला कुणी शिव्या घातल्या तर पोलीस येत नाहीत, पण आयोगाकडे अर्ज करता येतो. १८ सीखालची बहुतेक प्रकरणं आयोगातच मिटतात, त्यातली बरीच समेटाने. कुणी माफी मागतं, कुणी मजकूर काढून टाकतं. न्यायालयापर्यंत फार थोडी जातात. मेलबर्न, सिडनीत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी माणसांनाही हा कायदा कामाचा आहे. २००९ च्या सुमारास मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर झालेले हल्ले आणि त्यावरून पुण्या-मुंबईतल्या घराघरांत पसरलेली काळजी ज्यांना आठवते, त्यांना हे समजावून सांगायला नको.

विल्सन यांनी हे सगळं ऐकलं, पण मत बदललं नाही. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या ‘शार्ली एब्दो’ या धर्मावरही व्यंगचित्रं छापणाऱ्या साप्ताहिकाच्या कचेरीत हत्याकांड झालं, तेव्हाही त्यांनी हाच धागा धरला आणि असं नियतकालिक ऑस्ट्रेलियात १८ सीमुळे निघूच शकलं नसतं, असं सांगितलं. इथे मात्र त्यांचा पाय घसरला. १८ सी वंश, रंग, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांच्याबद्दल आहे. धर्माबद्दल ते काहीच बोलत नाही. शिवाय कलाकृती, व्यंग आणि सार्वजनिक हिताच्या विषयावरचं प्रामाणिक भाष्य यांना १८ डी मोकळीक देतं. बारा माणसांच्या मृत्यूनंतर कायद्याचं कलम नीट न वाचता त्याच्यावर आरोप करणं हे भाष्यकाराला एक वेळ खपून जातं. आयुक्ताला ते शोभत नाही. टीव्हीच्या पडद्यावरची सवय खुर्चीत बसल्यावर आपोआप सुटत नाही.

दरम्यान अ‍ॅबट यांनी ऑगस्ट २०१४ मध्येच दुरुस्ती मागे घेतली होती. दहशतवादविरोधी कायदे आणायचे होते आणि त्यासाठी स्थलांतरित समाजांची साथ हवी होती. पुढे माल्कम टर्नबुल यांच्या सरकारने २०१७ मध्ये पुन्हा प्रयत्न केला, तो सिनेटने पाडला. १८ सी आजही शाबूत आहे.

आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यांत जास्त राग आहे, तिच्याबद्दल.

विल्सन आयोगात आले, त्याच वर्षी ग्रॅम इनेस गेले. इनेस हे अपंगत्व भेदभाव आयुक्त. जन्मापासून अंध. ते रोज सिडनीच्या लोकलने प्रवास करायचे. डब्यात स्टेशनांची घोषणा व्हायची नाही, झालीच तर कळायची नाही. ते तक्रार करत राहिले, रेल्वे काही करीना. शेवटी पदावर असतानाच त्यांनी नागरिक म्हणून रेल्वेला न्यायालयात खेचलं. २०१३ मध्ये ते जिंकले. रेल्वेने बेकायदा भेदभाव केला असं न्यायालयाने म्हटलं आणि दहा हजार डॉलर भरपाई द्यायला लावली. ज्याला स्टेशन दिसत नाही त्याला ते ऐकू आलं पाहिजे, हा हक्क असा मिळवावा लागला. मुंबईच्या लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन’ ऐकून उतरणाऱ्या प्रत्येकाला या निकालाचं मोल कळेल.

जुलै २०१४ मध्ये इनेस यांची मुदत संपली. सरकारने त्या जागेवर पूर्ण वेळ माणूस नेमला नाही. पैसे नाहीत, असं कारण दिलं. वृद्धांच्या हक्कांचं काम बघणाऱ्या सुझन रायन यांच्याकडे अपंगत्वाचंही काम जोडून दिलं. ऑस्ट्रेलियात तेव्हा ४० लाखांच्या आसपास लोक कुठल्या ना कुठल्या अपंगत्वासह जगत होते. त्यांच्यासाठी पुन्हा पूर्ण वेळ आयुक्त यायला २०१६ उजाडलं.

तिजोरीत एका आयुक्ताचाच पगार होता असं धरून चालू. सरकारने तो कुणावर खर्च केला? ज्यांच्याकडे वर्तमानपत्रांतले स्तंभ होते, टीव्हीचे माइक होते, मेजवान्यांची निमंत्रणं होती, त्यांच्या बोलण्याच्या हक्कावर. आणि जो व्हीलचेअरवरून बसमध्ये चढू शकत नाही, ज्याला बहिरेपणामुळे मुलाखतीतूनच परत पाठवतात, त्याला सांगितलं की तुझ्यासाठी अर्धवेळ माणूस आहे. यात विल्सन यांची वैयक्तिक चूक नाही. जागा कमी करायचा निर्णय त्यांचा नव्हता. पण ब्रँडिस यांनी ज्या पद्धतीने एक खुर्ची भरली, त्याच पद्धतीने दुसरी रिकामी ठेवली. खुर्च्या मंत्र्याच्या मर्जीने भरायच्या आणि मर्जीने मोकळ्या ठेवायच्या, असं एकदा सुरू झालं की हक्कांचा क्रम गरजेप्रमाणे लागत नाही, ओळखीप्रमाणे लागतो.

याच काळात आयोगाच्या अध्यक्षा जिलियन ट्रिग्ज निर्वासितांच्या छावण्यांत कोंडलेल्या मुलांची चौकशी करत होत्या. शेकडो मुलं, कुठलाही गुन्हा नसताना, तारेच्या कुंपणाआड. ‘द फरगॉटन चिल्ड्रन’ हा त्यांचा अहवाल फेब्रुवारी २०१५ मध्ये संसदेत आला. सरकारने मुलं सोडण्याची घाई केली नाही, ट्रिग्ज यांना घालवण्याची केली. ब्रँडिस यांच्या खात्याच्या सचिवांनी त्यांना राजीनाम्याबद्दल विचारलं आणि दुसऱ्या एखाद्या कामाचा विषयही काढला, हे सिनेटच्या समितीपुढेच उघड झालं. मार्चच्या सुरुवातीला सिनेटने ब्रँडिस यांच्यावर निषेधाचा ठराव केला. ज्या सरकारला स्वातंत्र्याचा खास आयुक्त हवा होता, त्याच सरकारला कोंडलेल्या मुलांबद्दल बोलणारी अध्यक्षा नको होती. ट्रिग्ज हटल्या नाहीत. २०१७ पर्यंत, मुदत संपेपर्यंत, त्या तिथेच बसल्या.

विल्सन यांच्या बाजूने जे आहे तेही सांगायलाच हवं, आणि ते थोडं नाही. २०१५ मध्ये त्यांनी समलिंगी, पारलिंगी आणि आंतरलिंगी लोकांच्या हक्कांवर ‘रेझिलियंट इंडिव्हिज्युअल्स’ हा अहवाल काढला. देशभर फिरून, लोकांशी बोलून केलेलं ते काम आहे. कायद्यात कुठे कुठे भोकं आहेत ते त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्याच वर्षी मूलनिवासी सामाजिक न्याय आयुक्त मिक गुडा यांच्याबरोबर त्यांनी ब्रूम इथे मूलनिवासींच्या जमिनीवर बैठक भरवली. प्रश्न खरा होता. १९९२ च्या माबो निकालानंतर आणि १९९३ च्या कायद्यानंतर मूलनिवासींची जमिनीवरची मालकी मान्य झाली, पण त्या जमिनीवर कर्ज काढता येत नाही, व्यवसाय उभा करायचा तर वीस परवानग्या. जमीन आहे आणि तिचा उपयोग नाही, अशी स्थिती. खासगी मालमत्तेवर श्रद्धा असलेल्या माणसालाच हे इतकं ठळकपणे दिसलं. म्हणून तर मी वर म्हटलं, की त्या विचाराचा माणूस आयोगात असायला हवा.

हे काम पुढे नेता आलं असतं. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये, पाच वर्षांपैकी दोन वर्षं झाली असताना, विल्सन यांनी राजीनामा दिला आणि लिबरल पक्षाची गोल्डस्टाइन मतदारसंघाची उमेदवारी मागितली. मिळाली. जुलैमध्ये ते खासदार झाले. आयोगाचं पद, दोन वर्षं रोज वर्तमानपत्रात येणारं नाव, आणि मग सुरक्षित मतदारसंघ. सरकारने नेमलं, सरकारच्या पक्षाने तिकीट दिलं. यात काहीही बेकायदा नाही. पण जे तक्रारी घेऊन त्यांच्या कचेरीचा जिना चढले, त्यांनी काय समजायचं? हक्क आयुक्ताला पदावरून उतरल्यावर काही वर्षं निवडणूक लढवता येऊ नये, असा नियम मी उद्या कुणी मसुदा मागितला तर पहिल्या ओळीत लिहीन.

खासदार म्हणून त्यांनी एक गोष्ट केली, जी मला मनापासून आवडली. ४ डिसेंबर २०१७ रोजी समलिंगी विवाहाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी प्रेक्षक कक्षात बसलेल्या आपल्या जोडीदाराला सभागृहातूनच लग्नाची मागणी घातली. होकार आला आणि उपाध्यक्षांनी तो कामकाजाच्या नोंदीत घ्यायला सांगितला. तीन दिवसांनी विधेयक मंजूर झालं. त्याआधीच्या टपाली मतदानात ६१.६ टक्के लोकांनी होकार दिला होता. त्या मतदानाच्या प्रचारात लोकांच्या लग्नावर, घरावर, मुलांवर अनोळखी माणसं जे काही बोलली, ते त्या जोडप्यांनी ऐकून घेतलं आणि तरी ती उभी राहिली. आपल्या स्वतःच्या हक्कासाठी बहुमताच्या दारात जावं लागणं किती अपमानाचं असतं, हे विल्सन यांनी अनुभवलं. मूलनिवासी माणसाला १८ सी का हवा असतो, हे त्यांना यावरून जवळून कळायला हवं होतं, असं मला वाटत राहतं.

२०२२ मध्ये ते हरले. माजी पत्रकार झो डॅनियल यांनी अपक्ष उभं राहून त्यांना पाडलं. २०२५ मध्ये फेरमोजणीपर्यंत गेलेल्या लढतीत ते अगदी थोड्या मतांनी परत निवडून आले.

विल्सन पुढे गेले, पण त्यांना आत नेणारी वाट मागे उघडीच राहिली. २०२१ मध्ये स्कॉट मॉरिसन यांच्या सरकारने लोरेन फिनले यांना मानवी हक्क आयुक्त नेमलं, तेही जाहिरात न देता. या वेळी मात्र किंमत मोजावी लागली. मानवी हक्क आयोगांना दर्जा देणारी एक जागतिक आघाडी आहे, गान्री या नावाची. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मान्य केलेल्या पॅरिस तत्त्वांवर ती प्रत्येक देशाचा आयोग तपासते. २०२२ च्या मार्चमध्ये तिने ऑस्ट्रेलियाच्या आयोगाचा ‘अ’ दर्जा नव्याने द्यायचं लांबणीवर टाकलं. मुख्य कारण हेच: आयुक्तांची निवड उघड, पारदर्शक आणि गुणवत्तेवर होत नाही. ‘अ’ दर्जा गेला तर जिनिव्हात मानवी हक्क परिषदेपुढे बोलायचा स्वतंत्र हक्क जातो. जगाला हक्कांचे धडे देणारा देश हादरला. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त केला. आता तिथे आयुक्ताची जागा जाहीर करावीच लागते आणि निवड गुणवत्तेवरच करावी लागते. दर्जा टिकला. २०१३ मध्ये जे दोन ओळींच्या जाहिरातीने झालं असतं, त्यासाठी नऊ वर्षं आणि जगासमोरची नाचक्की लागली.

आता आपल्याकडे बघा. त्याच गान्रीने भारताच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा दर्जाही २०२३ मध्ये आणि मग २०२४ मध्ये लांबणीवर टाकला. नेमणुकांमध्ये सरकारचा हात आणि चौकशीसाठी पोलीस अधिकाऱ्यांचाच वापर, ही त्यामागची कारणं. २०१९ पर्यंत आयोगाचा अध्यक्ष माजी सरन्यायाधीशच असायचा. त्या वर्षी कायदा बदलला आणि सर्वोच्च न्यायालयाचा कुणीही माजी न्यायाधीश चालेल, असं ठरलं. निवड समितीत पंतप्रधान, गृहमंत्री, लोकसभेच्या अध्यक्षांबरोबर दोन्ही सभागृहांतले विरोधी पक्षनेते असतात, हे खरं. पण २०२१ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे यांनी असहमती नोंदवली, २०२४ मध्ये खर्गे आणि राहुल गांधी दोघांनीही नोंदवली, आणि दोन्ही वेळा नेमणूक ठरल्याप्रमाणे झाली. समितीत बसवायचं आणि मत मोजायचं नाही, ही आपली रीत.

महाराष्ट्रात तर त्याहून पुढची पायरी आहे. राज्य मानवी हक्क आयोगाच्या निवड समितीत मुख्यमंत्री, गृहमंत्री, विधानसभेचे अध्यक्ष, परिषदेचे सभापती आणि दोन्ही सभागृहांचे विरोधी पक्षनेते असावेत, असं १९९३ चा कायदा सांगतो. २०२४ च्या निवडणुकीत एकाही विरोधी पक्षाला एक-दशांश जागा मिळाल्या नाहीत आणि विधानसभेतली विरोधी पक्षनेत्याची खुर्ची महिनोन्‌महिने रिकामी राहिली. त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये पुढे लिहिलं आहे, की समितीतली एखादी जागा रिकामी आहे एवढ्यावरून नेमणूक अवैध ठरणार नाही. पोलीस कोठडीत मेलेल्या मुलाचा बाप किंवा शासकीय वसतिगृहात विषबाधा झालेल्या मुलीची आई ज्याच्याकडे दाद मागायला जाणार, त्या माणसाची निवड, परिषदेतली खुर्चीही रिकामी असेल तर, विरोधकांपैकी कुणीही टेबलावर नसताना होऊ शकते.

हे बदलायला संसदेची वाट बघायची गरज नाही. आयोगाच्या जागेसाठी दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायला, अर्ज केलेल्यांची नावं संकेतस्थळावर टाकायला, निवडलेल्या माणसाने गेल्या दहा वर्षांत कुणाकडून मानधन घेतलं ते लोकांपुढे ठेवायला कुठलाही कायदा मुख्यमंत्र्यांना अडवत नाही. पुढची जागा रिकामी होईल तेव्हा तुमच्या आमदाराला विचारा: जाहिरात कुठे आली आहे?